अवोनाची हजेरी

एनिड ट्रेलोरच्या कानांचं कौतुक केलं की ती उठून निघून जायची. पाहुण्यांना नवल वाटायचं, आम्हाला सवय झाली होती. कौतुक खोटं नव्हतं. तेवीस वर्षं तिने आमच्या पोर्ट टॅलिसच्या होड्यांची हजेरी घेतली, आणि रेडिओच्या ज्या खरखरीत इतरांना नुसती खरखर ऐकू यायची तिच्यात तिला माणूस ऐकू यायचा. एकदा म्हणे म्हाताऱ्या आन्ते लुकिनने रेडिओचं बटण दाबून नुसतंच सोडलं, तोंडातून शब्द काढला नाही, तर ही म्हणाली, आन्ते आहे, आणि दाढ दुखतेय त्याची. दाढ खरंच दुखत होती. यात मीठमसाला किती आणि खरं किती ते आन्तेच जाणे.

एनिड मूळची समुद्राकडची नव्हे. आत, गव्हाच्या शेतांत वाढलेली. बापाचा ट्रॅक्टर तीन मैलांवर बंद पडला तर आवाज थांबल्याचं घरात तिला आधी कळायचं. एकविसाव्या वर्षी आयव्हर ट्रेलोरशी लग्न करून ती इथे आली, आणि सत्ताविसाव्या वर्षी रेडिओच्या खोलीत बसली ती पन्नाशीपर्यंत.

हजेरी आमच्याकडे जेवणाइतकी नित्याची. शेवंडी पकडणाऱ्या होड्या समुद्रात असल्या की सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीतून एकेकीचं नाव पुकारतात. होडीने आपली जागा सांगायची आणि वर माणसं किती ते सांगायचं. पुकारणाऱ्याने म्हणायचं, "ऐकलं, दोघं," किंवा "ऐकलं, चौघं," आणि वहीत खूण करायची. एवढंच. पण ते "ऐकलं" कानावर पडल्याशिवाय आमच्या एकाही होडीचा तांडेल चहाच्या किटलीला हात लावत नाही.

जी होडी ओ देत नाही तिचं नाव सात दिवस पुकारतात. सातव्या संध्याकाळी तीनदा पुकारायचं, मग सगळ्यांनी मिनिटभर गप्प राहायचं, आणि गावातल्या सर्वांत जुन्या तांडेलाने तिच्या वतीने ओ द्यायची, "घरी आली." त्यानंतर वहीतलं नाव खोडायचं. हे शेवटचं पुकारणं त्यानेच करायचं, ज्याच्या पाळीत होडी गप्प झाली. दुसऱ्या कोणाचं चालत नाही. का, ते विचारू नका. आमच्या आजोबांनीही विचारलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, 'अवोना' गप्प झाली. तिच्यावर आयव्हर होता आणि त्याचे दोन खलाशी. सापडलं काय, तर सापळ्याची एक तरंगती दोरी आणि एक बादली. एनिडने सहा दिवस नाव पुकारलं. सातव्या संध्याकाळी ती खोलीवर आलीच नाही. किल्ली पाकिटात घालून तिने डार्सी फायफरच्या उंबऱ्यावर ठेवली, वर दोनच शब्द लिहिले, "कान गेले."

तेव्हापासून हजेरी डार्सी घेतो. हा शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त आहे, आणि सागरी बचाव मंडळाचा सचिव म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. तोंडाचा पट्टा असा की रेडिओही मधे थांबून वाट पाहत असेल. पण रोज यादीच्या शेवटी तो 'अवोना'शी आला की एक श्वास घेतो आणि काही न म्हणता वही मिटतो. त्याला ते नाव पुकारता येत नाही, खोडताही येत नाही. तो एवढासा श्वास गावात ज्याच्या त्याच्या ओळखीचा आहे. संध्याकाळी रेडिओ लावून भांडी घासणाऱ्या बायका त्या क्षणाला हातातली ताटली खाली ठेवतात.

गेल्या उन्हाळ्यात हाच डार्सी एक खोकं बगलेत मारून एनिडच्या टेकडीवरच्या घरी आला. मंडळाने नवा स्कॅनर घेतला होता. रेडिओची खोली एका वेळी एकाच चॅनेलवर लक्ष ठेवणार; बाकीच्या चॅनेलवर कोण काय बोलतंय ते हुडकत राहायला स्कॅनर लागतो. जुना बहिरा होत चालला होता. नवा खरंच ऐकतो, की नुसते दिवे लुकलुकवतो, हे कोणीतरी बसून पाहायला हवं होतं, आणि आयव्हरने उभारलेला एरियलचा उंच खांब अजून एनिडच्या घरावर होता.

"चौदा दिवस," डार्सी म्हणाला. "दोन्ही एकाच एरियलवर लाव. कोणाला काय ऐकू येतं ते लिही, एक ते पाच गुण दे. शाळेत देतात तसे."

"तूच बस की."

"बसलो असतो गं. पण मला कुरव पक्षी आणि टगबोट यांच्या आवाजातला फरक कळत नाही, असं चारचौघांत तूच म्हणालीस."

एनिडने खोकं उघडलं. यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, यात बोलायचं बटण कुठंय? डार्सी हसला. स्कॅनरला बोलायचं बटण नसतं, तो नुसता ऐकतो. कान आहेत, तोंड नाही. हे ऐकून ती तयार झाली. उत्तर द्यायची जबाबदारी नसेल तर ऐकायला काय जातं, असं तिला वाटलं असावं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने दोन्ही यंत्रं शेजारी मांडली. एरियलची तार दोघांत वाटून दिली, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा नको. वहीत उभे रकाने आखले: वेळ, चॅनेल, कोण, जुना, नवा, शेरा. हल्लीचे लोक खरखर दाबायचं बटण घट्ट फिरवून ठेवतात, स्पष्ट आवाज आला तरच यंत्र तो ऐकवतं. एनिडने दोन्हींची खरखर मोकळी सोडली. क्षीण माणूस खरखरीच्या खाली दबलेला असतो, ती दाबली की तोही दाबला जातो, हे तिचं जुनं मत होतं.

पहिल्या आठवड्यातच नवा हुशार ठरला. गव्हाच्या कोठारांकडे रांगेत थांबलेले ट्रकवाले, मालवाहू विमानाचा वैमानिक, खाडीतले कालवं पाळणारे दोघे भाऊ, जे रोज अकरा वाजता डब्यातल्या मांसाच्या पास्टीत मिरी कमी का यावर भांडतात, सगळे त्याने उचलले. बंदराचा हवामानाचा निरोप जुन्याला तीन गुणांचा, नव्याला पाच. एनिडला मजा वाटू लागली. एकोणीस वर्षं ज्याने कानाला खडा लावला होता, त्या माणसाला पुन्हा ऐकायला मिळालं. डार्सी रोज फोन करून विचारी, आणि ती रोज त्याला, तुझ्या हजेरीत तू कोणत्या होडीचं नाव चुकवलंस ते सांगे.

नवव्या दिवशी बेटं उभी राहिली.

हे आमच्याकडे उन्हाळ्यात होतं. उत्तरेचा तापलेला वारा येऊन समुद्रावर पडून राहतो, खाली पाणी थंड, आणि एरवी क्षितिजावर चिमटीएवढी दिसणारी बेटं एकदम ताठ उंच होतात, काही तर उलटी होऊन आपल्याच डोक्यावर बसतात. पाणी अजिबात हलत नाही. कुरव बसलेले असतात तेही उडत नाहीत. भर दिवसा, लख्ख उन्हात असं काही दिसलं की नवखा माणूस घरात जाऊन बसतो. आणि अशा दिवशी रेडिओवर पलीकडचे येतात. पलीकडचे म्हणजे या अथांग उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, बाराशे किलोमीटर लांबचे. पन्हळीतून पाणी यावं तसे त्यांचे आवाज थेट आमच्या खोलीत येऊन पडतात, आणि शेजारच्या गावाचा आवाज येत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, आणि तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात: बेटं उभी असली आणि क्षीण आवाज आला, तर तो पलीकडचा समजायचा आणि सोडून द्यायचा. नियम मूर्खांनी केलेला नाही. एका वर्षी पलीकडच्या कोणाच्या तरी हाकेवर आमच्या तीन होड्या दिवसभर रिकामा समुद्र धुंडाळत फिरल्या होत्या, आणि त्यातली एक खडकावर चढली.

त्या नवव्या दिवशी, साडेनऊ वाजता, नव्या स्कॅनरमधून एक बाई हजेरी घेऊ लागली. त्यांच्याकडचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे त्यांचे सात वाजलेले. जुन्यात काहीच नव्हतं. एनिड पेन्सिल धरून बसली. अनोळखी होड्यांची नावं, अनोळखी तांडेल, आणि दर वेळी ती बाई म्हणत होती, ऐकलं, दोघं. ऐकलं, एकटा. स्वर तोच, ठेका तोच. आपलीच कोणी जुनी हजेरी भिंतीपलीकडे चालू आहे असं एनिडला वाटलं. तिने लिहिलं: नवा चार, जुना शून्य. यादी संपल्यावर तिने दोन्ही यंत्रं बंद केली आणि बराच वेळ हात धूत बसली.

कारण तिला जे ठाऊक होतं ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, असं तिला तरी वाटत होतं. 'अवोना' गेली त्या सकाळीही बेटं उभी होती. सातच्या हजेरीला आयव्हरने धड ओ दिली होती. नऊ पन्नासला खोलीतल्या रेडिओवर खरखरीच्या तळातून एक आवाज आला. तिघं आहोत. पाणी आत येतंय. कोणी ऐकतंय का. आवाज ओळखू येण्यासारखा नव्हता. वेळ पलीकडच्यांच्या हजेरीची. एनिड म्हणाली, पलीकडचे, आणि वहीत काही न लिहिता पान उलटलं. संध्याकाळी पाचला 'अवोना'ने ओ दिली नाही. पंधरवड्यानंतर तिने पलीकडच्या बंदराला काहीतरी निमित्त काढून पत्र लिहिलं, त्या दिवशी तुमच्याकडे कोणी अडचणीत होतं का? उत्तर आलं, नाही, सगळे सुखरूप होते. ते पत्र तिने चुलीत घातलं. गाव मात्र तिच्या कानांचं कौतुक करत राहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी बेटं अजून उभी होती. तारीख नऊ नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ती असती तर मीच या गोष्टीवर विश्वास ठेवला नसता. सातला डार्सीच्या हजेरीला आपल्या अकराही होड्यांनी ओ दिली, दोन्ही यंत्रांना पाच-पाच गुण. साडेनऊला पलीकडची बाई आली, तिच्याही सगळ्यांनी ओ दिली, आणि ती गेली. मग नुसती खरखर. बाहेर पत्रा उन्हाने टकटक करत होता.

नऊ पन्नासला नव्या स्कॅनरची सुई जराशी उचलली.

"तिघं आहोत," आवाज म्हणाला. "पाणी आत येतंय. कोणी ऐकतंय का?"

जुनं यंत्र शेजारी स्वस्थ खरखरत होतं. एनिडने दोघांच्या तारा अदलाबदल करून पाहिल्या. नव्यातूनच पुन्हा आलं, तेच, त्याच क्रमाने. तिघं आहोत. पाणी आत येतंय. कोणी ऐकतंय का? आवाज खरखरीत इतका बुडालेला की तो कोणाचाही असू शकला असता, आणि कोणाचा असावा याची तिला भीती वाटत होती तो एकच माणूस तिच्या डोक्यात होता.

पेन्सिल कागदाला टेकत नव्हती. आपल्या अकरा होड्या बोलल्या, त्यांच्या सगळ्या बोलल्या. मग हा कोण? हे लिहिलं तर डार्सी वाचणार. गाव म्हणणार, एनिडला नवरा ऐकू येऊ लागला, बिचारी. आणि मग कोणीतरी विचारणार, तेच शब्द कसे गं, तुला ते आधी कुठून ठाऊक? ते सांगायचं म्हणजे एकोणीस वर्षं झाकून ठेवलेलं उघड्यावर आणायचं. यंत्र बंद करून टाकायला नुसतं एक बोट लागलं असतं. तिने बोट नेलंही.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा शेवटी थोडी भर होती. "पांढऱ्या कड्याच्या आग्नेयेला. आठ मैल."

एनिडच्या हाताने तिला न विचारता पेन्सिल मुठीत धरली आणि अंगठ्याने तिचं टोक दाबलं, बोलायचं बटण दाबतात तसं.

"ऐकलं," ती मोठ्याने म्हणाली. "तिघं. पांढऱ्या कड्याच्या आग्नेयेला आठ मैल. धीर धरा, पाठवते."

आणि तिने अंगठा सोडला. समोर तोंड नसलेलं यंत्र होतं. त्यानंतर आवाज आला नाही.

तिने डार्सीला फोन लावला. डार्सीने ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "पलीकडचे असतील, एनिड. आज बेटं उभी आहेत."

"मीही हेच म्हणाले होते," एनिड म्हणाली. मग तिने सांगितलं. नऊ तारीख, नऊ पन्नास, तिघं, पाणी, उलटलेलं पान. एका दमात, वाक्यांना शेपूट न ठेवता. "आयव्हरने मला हाक मारली आणि मी त्याला पलीकडचा म्हणून सोडून दिला. आज मी कोणाला सोडणार नाही, मेलेला असला तरी. पलीकडच्या खोलीचा नंबर दे."

वही उलटल्याचा आवाज आला आणि डार्सीने नंबर दिला.

पलीकडच्या बाईचं नाव इमेल्डा क्वेड. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, माझ्या सगळ्यांनी ओ दिलीय, आणि हजेरी संपल्यापासून माझ्या रेडिओवर चिटपाखरू नाही. "तुमच्याकडचाच कोणी असेल, बाई. इथे आज बेटं उभी आहेत."

एनिडला हसावं की रडावं कळेना. इकडचे म्हणायचे तिकडचा, तिकडचे म्हणायचे इकडचा, आणि मधल्या मधे माणूस पाण्यात.

"माझेही सगळे बोललेत," ती म्हणाली. "आमच्या किनाऱ्याला पांढरा कडा नाही. तुमच्याकडे आहे का?"

"आहे. पण तिकडे आज कोणी गेलेलं नाही. कडा मधे आहे, त्याच्यामागचं मला ऐकूच येत नाही."

"त्याच्या आग्नेयेला आठ मैल. तिघं आहेत."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

हा प्रश्न तिला एकोणीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. "हो," एनिड म्हणाली. "मी ऐकलं."

इमेल्डाने बचावाची होडी काढली आणि विमानालाही कळवलं. एनिड टेबलाशी बसून राहिली. खिडकीतून बेटं दिसत होती, त्यातलं सर्वांत मोठं उलटं होऊन आपल्याच माथ्यावर टेकलेलं. तिने कोणतंच यंत्र बंद केलं नाही आणि जेवलीही नाही. डार्सी येऊन बाहेर पायरीवर बसला होता. आत आला नाही. त्यालाही कसलं तरी ओझं झालं असावं असं तिला वाटलं, पण तिने विचारलं नाही.

दोन वाजून गेल्यावर फोन आला. तिघं सापडले होते. एक पोस्टमास्तर, त्याची बहीण आणि मेव्हणा, भाड्याची पत्र्याची छोटी होडी घेऊन मासे धरायला गेलेले. कोळी नव्हेत, त्यामुळे कुठल्याच हजेरीत त्यांचं नाव नाही. होडी उलटली होती आणि तिघं तिच्या तळाला धरून तरंगत होते. आणखी तासाभराने सापडले नसते.

"एक विचारू का?" इमेल्डा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "त्यांच्याजवळ हातातला लहानसा रेडिओ होता. वीस मिनिटं हाका मारल्या म्हणे. तिसऱ्या हाकेला एका बाईने ओ दिली. तिघांनीही ऐकली. म्हणाली, ऐकलं, तिघं, धीर धरा, पाठवते. मग रेडिओ पाण्यात पडला. त्या शब्दावर आम्ही पकड सोडली नाही, असं बहीण सांगतेय. मी तर बोलले नव्हते. तुम्ही बोललात का त्यांच्याशी?"

एनिडने नव्या स्कॅनरकडे पाहिलं. त्याला बोलायचं बटण नव्हतं, जाळी होती ती नुसती आवाज बाहेर यायची.

"माझ्याकडे बोलायचं यंत्रच नाही," ती म्हणाली.

तारेत खरखर होती. मग इमेल्डाने आभार मानले आणि फोन ठेवला.

पुढे गावात यावर पुष्कळ खल झाला. एखादं जहाज जवळून जात असेल, त्यावरच्या कोणा बाईने ओ दिली असेल, असं डार्सीचं मत. असेलही. त्या दिवशी त्या बाजूला जहाज नव्हतं असं बंदराचे लोक म्हणाले. आम्ही कोणी वाद घातला नाही.

एनिडने दार उघडलं आणि पायरीवरच्या डार्सीला बातमी सांगितली. तो उठला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

"त्या दिवशी मी खोलीत होतो, एनिड," तो म्हणाला. "तुला आठवत नसेल. बसच्या फेऱ्यांमधे चहा प्यायला यायचो मी. किटली माझ्याच हातात होती. तो आवाज मलाही ऐकू आला होता. तिघं आहोत, हे मलाही कळलं. पण तू म्हणालीस पलीकडचे, आणि मी म्हटलं, एनिडच्या कानापुढे आपण कोण? संध्याकाळी मला कळलं. एकोणीस वर्षं रोज त्या ओळीशी येतो, आणि तोंड उघडत नाही."

म्हणजे तो श्वास यासाठी होता. गावाला वाटत होतं एनिडच्या दुःखाचा मान ठेवतोय. एनिडला राग यायला हवा होता, एवढी वर्षं आपण एकटीच हे वाहतोय असं वाटू दिल्याबद्दल. तो आलाही, पण टिकला नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघं समोर पाहत राहिली. वारा दक्षिणेचा सुटला होता आणि बेटं हळूहळू खाली बसत होती.

"किल्ली आणलीयस?" तिने विचारलं.

"रोजच असते खिशात."

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती पत्र्याच्या खोलीत शिरली. खुर्ची तीच होती, डार्सीच्या वजनाने एका बाजूला कललेली. तिने वही उघडली, बटणावर अंगठा ठेवला आणि पहिलं नाव पुकारलं. समुद्रावरून तांडेलाचं उत्तर यायला जरा उशीर झाला. एनिडचा आवाज तो एकोणीस वर्षांनी ऐकत होता. मग त्याने जागा सांगितली, माणसं सांगितली. ऐकलं, दोघं. एकामागून एक अकरा. गावात तोवर बोभाटा झालाच होता. धक्क्यावर माणसं जमली. गावातला सर्वांत जुना तांडेल आन्ते लुकिन, वय आता चौऱ्याऐंशी. नातवाने त्याला खुर्चीत बसवून आणलं होतं आणि हातात रेडिओ दिला होता.

यादीच्या शेवटी एनिड आली. श्वास तिने घेतला नाही.

"अवोना," ती म्हणाली.

खरखर.

"अवोना."

खरखर. तिने ती मोकळीच सोडली होती, नेहमीसारखी.

"अवोना."

मिनिटभर सगळा समुद्र गप्प राहिला. एनिड ऐकत होती, आणि तिचे कान कसे आहेत ते गावाला ठाऊक होतं, त्यामुळे आम्हीही तिच्याकडेच पाहत होतो. त्या खरखरीत तिला काही ऐकू आलं का, हे तिने कधी सांगितलं नाही. एकदा मान किंचित कलली, एवढं मी पाहिलं.

मग आन्तेचा घोगरा आवाज आला. "अवोना घरी आली, पोरी. तिघंही."

एनिडने अंगठा दाबला. एकोणीस वर्षं राहून गेलेलं उत्तर तिने हळू दिलं नाही, घाईने दिलं नाही, रोज देतात तसंच दिलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "तिघं."

आणि तिने नाव खोडलं.